धाकटी कडी

फेझच्या जुन्या शहरात पाहुण्यांना हिंडवण्याचं काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. गळ्यात सरकारी बिल्ला असतो, त्यावर नाव आहे अब्देलहक, आणि शेजारी तेवीस वर्षांपूर्वीचा, भरघोस केसांचा फोटो. हे काम निम्मं पायांचं आणि निम्मं जिभेचं. पाय देवाने दिले, जीभ बाबांकडून आली. बाबा दर शुक्रवारी दुपारी सिदी मन्सूरच्या दर्ग्यात स्तुतिगीतं गात, आणि गाता गाता मधेच थांबून त्याचा अर्थ सांगत. लोक पेंगायला लागले की कथा सोडून गाण्याला हात घालायचा, डोळे भरून आले की एक कोपरखळी मारायची, आणि हसू ओठावर आहे तोवर खरी गोष्ट आत सरकवायची. ही त्यांची रीत. ती मी दर्ग्यात बसून, त्यांच्या मांडीशी, ठेका धरून शिकलो.

पाहुण्यांना मी निळ्या वेशीतून आत घ्यायचो, मोठ्या उतारावरून खाली न्यायचो, मदरसा दाखवायचो, मग चामडी कमावणाऱ्यांचे हौद. तिथे पुदिन्याची काडी नाकाशी धरून सगळे हिरवे-पिवळे झालेले असायचे. पाय दुखत असायचे, भुका लागलेल्या असायच्या. अशा वेळी घुमट आणि सन सांगून उपयोग नसतो. मी त्यांना बदामाच्या बोळात न्यायचो.

बोळ बंद आहे, जेमतेम दोन माणसांच्या रुंदीचा. शेवटाला एकच दार. देवदाराचं, खिळे ठोकलेलं, आणि त्यावर दोन कड्या. एक मोठी, घोड्यावरून हात पोहोचेल एवढी उंच. दुसरी धाकटी, खाली, मोठ्या दारात कापलेल्या लहान दिंडीवर.

“दोन कशाला?” मी विचारायचो.

उत्तरं ठरलेली. एक श्रीमंतांची, एक गरिबांची. एक जर्मन गृहस्थ म्हणाले, पहिली मोडली तर दुसरी. हसून झालं की मी सांगायचो. मोठी कडी परक्यांची. ती जाड बोलते. ती वाजली की घरातल्या बायका आत जातात आणि दार पुरुष उघडतो. धाकटी घरच्यांची. ती बारीक बोलते. ती वाजली की हातातलं पीठ न धुता कुणीही उठून येतं.

मग मी धाकटी कडी वाजवायचो. टक-टक, आणि दम खाऊन, टक.

“आतून विचारतात, ‘कोण?’” हे मी फ्रेंचमध्ये, म्हातारीचा आवाज काढून म्हणायचो. “आणि फेझचा माणूस आपलं नाव सांगत नाही. नावावरून ओळखावं लागतं, तो घरचा कसला? तो एवढंच म्हणतो…” आणि इथे मी दाराकडे तोंड करून, आमच्या भाषेत, गोड आवाजात म्हणायचो, “जवळचाच.”

बायका उसासा सोडायच्या. पुरुष फोटो काढायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं. हंगामात दिवसातून दोनदा, कधी तीनदाही.

घर बंद होतं हे सांगायला नकोच. चाळीस वारसदार, त्यांची भांडणं, दारावर कोर्टाचं शिशाचं सील, आणि भिंत कोसळू नये म्हणून समोरच्या भिंतीपर्यंत ठोकलेले लाकडी टेकू. माझ्या जन्माआधीपासून तिथे कुणी राहिलेलं नाही.

बोळाच्या तोंडाशी बा हमद शिंगाचे कंगवे करतात. ऐंशीच्या घरातला माणूस, दाढीत कायम शिंगाचा भुसा.

“काय सी अब्देलहक, आज परत सासुरवाडीला?”

“दार कुठं उघडतात, बा हमद?”

“न उघडणारी सासुरवाडी मिळायला नशीब लागतं रे.”

हे आमचं रोजचं. पण एकदा, पाहुणे पुढे गेल्यावर, ते न हसता म्हणाले, “दाखवायचंच असेल तर मोठी वाजवून दाखवत जा. धाकटी वाजवणं म्हणजे शब्द देणं असतं.”

“रिकाम्या घराला कसला शब्द?”

त्यांनी कंगव्यावर फुंकर मारली. “रिकामं कोण म्हणालं तुला? बंद आहे.”

म्हातारी माणसं असं बोलतातच. मी त्यांचे दोन कंगवे विकून दिले आणि विसरून गेलो.

गेल्या वसंतात बेल्जियमचे नऊ जण आले होते. त्यात एक बाई होत्या, जन्मभर पियानोचे सूर लावण्याचं काम केलेल्या. त्या दमून दिंडीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्या कोपराशेजारून हात घालून कडी वाजवली, म्हातारीचा आवाज काढला, “जवळचाच” म्हणालो, सगळे हसले. परत निघताना त्या माझ्या बरोबर चालू लागल्या.

“‘श्कून’ म्हणजे काय हो?”

“‘कोण?’ आमच्या भाषेत. कुठं ऐकलंत?”

“आत्ताच. तुम्ही कडी वाजवलीत तेव्हा आत कुणी बाई म्हणाल्या. नंतर तुम्ही तिची नक्कल केलीत ना?”

मी तो शब्द उच्चारला नव्हता. अकरा वर्षांत कधीच नाही, तो मी फ्रेंचमध्येच म्हणतो. मी म्हणालो, शेजारच्या गच्चीवर कुणी असेल, इथे आवाज भिंतींवरून उड्या मारत येतात. त्या मान हलवून म्हणाल्या, “असेल. पण वरून आलेला आवाज पाठीला कळत नाही. मला पाठीत कळला. लाकडातून.”

मी त्यांना जेवायला नेलं. कोंबडीचं सारण भरलेली खुसखुशीत पोळी त्यांना आवडली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आतून विचारलं गेलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

*

आमचं घर रसीफच्या वरच्या अंगाला. दार लहान, पण त्यालाही दोन कड्या. यम्मा, माझी आई, एक्क्याऐंशीची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. तिची जागा दाराच्या आतल्या ओट्यावर. जपमाळ, उशी आणि पांढरी शाल. दार हे तिचं काम, दुसऱ्या कुणी उघडलेलं तिला खपत नाही. पण उघडायचं कुणाला? भाऊबंद सगळे कासाब्लांकाला गेले, काही त्याहून पुढे. मी आणि माझी बायको तुरिया किल्लीने आत येतो. गॅसवाला, वीजवाला मोठी कडी वाजवतो. धाकटी वाजून वर्ष-वर्ष होई.

तुरिया नव्या शहरातल्या शाळेत गणित शिकवते. तिला शाळेजवळ लिफ्ट असलेला फ्लॅट हवा होता. “लल्ला, तिथं बेल आहे,” ती यम्माला सांगे, “चिमणीसारखी वाजते.”

“बेलीला काय कळतं कोण आलंय ते?” यम्मा म्हणे. “पोस्टमन आणि पोटचा पोर, दोघांना एकच सूर. मी इथून हलले आणि आपलं कुणी आलं तर?”

“कोण येतंय, लल्ला?”

“येईल त्याला दार मिळालं पाहिजे.”

बेल्जियमवाले आले त्या दिवशी घरी गेलो तर यम्माच्या गालांवर रंग होता.

“असरच्या नमाजाआधी कुणीतरी आलं होतं,” ती म्हणाली. “धाकटी वाजली. मी विचारलं कोण. म्हणाला, जवळचाच. मी अडसर काढेपर्यंत गेला बघ.”

“पोरं असतील.”

“पोरं पळतात. हा चालत गेला. सपाता होत्या पायात.” तिने जपमाळ गुंडाळली. “आणि हात तुझ्या बाबांच्या घराण्यातला होता. टक-टक, आणि दम खाऊन टक. त्यांच्याशिवाय असं कोण वाजवतं?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बदामाच्या बोळात कडी वाजवताना मी कुठली खास टकटक ठरवली नव्हती. माझ्या हाताला एकच माहीत होती. बाबा दर्ग्यातून गात घरी यायचे, आणि गाण्याच्या ठेक्यातच कडी वाजवायचे. यम्मा आतून पहिली ओळ म्हणायची, ‘दारी आलो तुझ्या, हात रिकामे घेऊन.’ बाबा बाहेरून झील धरायचे, ‘रिकाम्या हातांना दार कोण लावतो?’ मग अडसर निघायचा. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.

मी शहाणा माणूस आहे. पाहुण्यांना भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या गाइडांना मी हसतो. म्हणून मी पाहणी केली. मंगळवारी गट नव्हता, बदामाच्या बोळात गेलो नाही, घरी कुणी आलं नाही. बुधवारी एकदा वाजवली, घरी एकदा वाजली. शनिवारी तीन गट होते. संध्याकाळी यम्माला विचारलं, तर ती लाजल्यासारखी हसून म्हणाली, “तीनदा. आज तर तिसऱ्या वेळी माझा हात अडसरावर होता. दारापलीकडचा श्वास ऐकू आला मला.”

रविवारी तुरिया घरी होती. मी मुद्दाम एकटा गेलो, वाजवली, आणि परत आलो. तुरिया स्वयंपाकघरात चाळणी हातात धरून उभी होती.

“मी ऐकलं,” ती म्हणाली. “वरच्या खिडकीतून लगेच वाकून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण कडी अजून हलत होती.” चाळणी खाली ठेवून म्हणाली, “तू तिकडे जाऊ नकोस.”

*

मी जायचं बंद केलं. हौदांवरून पाहुण्यांना सरळ जेवायला नेऊ लागलो. नऊ दिवस घरी काही वाजलं नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण यम्मा सुकत चालली. रोज इस्त्रीचा रुमाल डोक्याला बांधून ओट्यावर बसायची, दाराला कान लावून. सूप तसंच गार व्हायचं. नवव्या दिवशी म्हणाली, “तू काही बोललास का त्यांना?”

“कुणाला, यम्मा?”

“आपली माणसं रस्ता विसरली होती, कशीबशी यायला लागली होती. तू वाटेत काही बोलला असशील. तुझी जीभ मला माहीत आहे.”

मी बा हमदांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली, आणि त्या माणसाला मी इतक्या वर्षांत रिकाम्या हातांनी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

“अकरा वर्षं तू त्यांच्या दारी गेलास,” ते म्हणाले. “घरचा म्हणून गेलास. त्यांनी भेटीची परतफेड केली. यात वावगं काय आहे? रीतच आहे.”

“म्हणून तर थांबलो.”

“आणि जवळचा माणूस एकाएकी यायचा थांबला, तर आपण काय करतो रे फेझमध्ये?”

मी समोरचा कंगवा उचलून पुन्हा खाली ठेवला.

“चौकशीला जातो,” बा हमद म्हणाले. “साखर घेऊन.”

दहाव्या दिवशी दुपारी मी घरीच होतो. कडी वाजली. टक-टक, टक. मी यम्माच्या आधी दारापाशी पोहोचलो, तिचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने अडसर दाबून धरला. बाहेर सपाता घासल्या. मग काहीतरी जड, हलकेच उंबऱ्यावर ठेवल्याचा आवाज.

मी शंभरपर्यंत मोजून दार उघडलं. बोळ रिकामा. समोर रहमा तिच्या दारात बसून नेहमीप्रमाणे पायघोळ जेलाब्याची रेशमी बटणं वळत होती. उंबऱ्यावर साखरेचा शंकू, निळ्या कागदात गुंडाळलेला. कागद उन्हात वर्षानुवर्षं पडल्यासारखा विटलेला, आणि दोर ताडाच्या तंतूंचा. तसा दोर आता कुणी वळत नाही.

“साखर आणली?” यम्माने शंकूवरून हात फिरवला. तिचा चेहरा आधी उजळला, मग ती विचारात पडली. “आजारी घरात आणतात ही. नाहीतर मयताच्या घरात. आपल्याकडे कुणाला काय झालंय?”

तुरियाने तो शंकू अंगणात, नळापाशी ठेवला. तीन दिवस तिथे होता. एकही मुंगी त्याला शिवली नाही.

तिसऱ्या रात्री जेवताना तुरिया म्हणाली, “या आठवड्यात फ्लॅट बघू. लल्ला, तुम्हाला उचलून न्यावं लागलं तरी नेणार मी.”

“सोमवारी ने,” यम्मा शांतपणे म्हणाली. “शुक्रवारी मला घरी राहू दे. शुक्रवारी ते यायचे.”

*

शुक्रवारी सकाळी मी पक्कड घेतली आणि आमच्या दाराची धाकटी कडी काढली. दोन खिळे गंजले होते, तासभर लागला. यम्मा ओट्यावर बसून ऐकत होती.

“दुरुस्त करून आणतो, यम्मा. सैल झालीय.”

“मग त्यांना आज कसं कळणार?”

“मोठी आहे ना.”

“मोठी परक्यांची,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

कडी मी जेलाब्याच्या खिशात टाकली. तुरियाची शाळा दुपारी दोनला सुटणार होती. मी यम्मापुढे कुसकुसचं ताट ठेवलं, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, दार उघडायचं नाही म्हणून शपथ घातली. ती नुसती जपमाळ ओढत राहिली. बाहेरून कुलूप लावावं असं मनात आलं. पण आंधळ्या आईला कोंडून नमाजला जायचं? देव तसल्या नमाजकडे बघेल का? मी रहमाला म्हणालो, “लक्ष ठेव हं. अर्ध्या तासात येतो.”

“जा रे बाबा. मी कुठं पळून चाललेय?”

नमाज झाली. तिथूनच परतायचं होतं. दर्गा वाटेत लागतो. आत गाणं सुरू झालेलं होतं. मेक्नेसहून कुणी नवे गवई आले होते, तरुण, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याच्या मनातली काजळी धुऊन निघावी. मी म्हणालो, एक कडवं. उंबऱ्याशीच टेकतो.

त्यांनी बाबांचं गाणं लावलं.

दारी आलो तुझ्या, हात रिकामे घेऊन. शंभर माणसांनी झील धरली. गवयांनी ओळ सोडली, मधेच थांबून सांगितलं, अरे, तुम्ही दार ठोठावता आणि म्हणता देव उघडत नाही. तुम्ही कधी मागे वळून पाहिलंय का, तुमच्या दाराशी कोण उभं आहे ते? लोकांचे डोळे पाण्याने भरले. माझेही. कित्येक दिवसांची धास्ती छातीतून उतरत होती. मी डोळे मिटले. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. डोळे उघडले तेव्हा शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून कौतुकाने मान डोलावत होता.

त्याची नजर माझ्या हाताकडे होती.

मी खाली पाहिलं. कडी खिशात नव्हती, माझ्या मुठीत होती. मी तिने खांबावर ठेका धरला होता.

टक-टक, टक. टक-टक, टक.

किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही.

*

चढण मी धावत चढलो. कुणाच्या तरी गाढवावरची ओझी पाडली. शिव्या ऐकू आल्या.

रहमा दारातच होती. मला पाहून तिने हातातली सुई थांबवली.

“तू परत बाहेर कधी गेलास?”

“काय झालं?”

“अरे, आत्ता तर आत गेलास. किती वेळ कडी वाजवत होतास, गाण्यासारखी. लल्ला आतून गात होत्या. मी म्हटलं, आज मायलेकांचं काय चाललंय.”

आमच्या दारावर, कडीच्या जागी, दोन खिळ्यांची भोकं होती.

“पाहिलंस कुणाला?”

“दुसऱ्याच्या दारात घरची माणसं आली की आपण मान वर करतो का? सपाता दिसल्या. पिवळ्या.” ती घुटमळली. “बऱ्याच होत्या.”

“यम्माने विचारलं का, कोण?”

“विचारलं ना.”

“मग?”

रहमा माझ्याकडे बघत राहिली. “तूच तर म्हणालास, जवळचाच. तुझाच आवाज होता.”

दार नुसतं लोटलेलं होतं. अडसर आतून काढून भिंतीला नीट टेकवून ठेवला होता, ती नेहमी ठेवते तसा.

कुसकुस अजून कोमट होतं.

ओट्यावर उशी होती, जपमाळ होती. शाल नव्हती.

*

पोलिसांनी शोधलं. नदीकाठ, इस्पितळं, बसचा तळ. तुरियाने यम्माचा फोटो भिंती-भिंतींवर चिकटवला. आंधळी म्हातारी एकटी किती लांब जाणार, असं जो तो म्हणे. मी एकच हट्ट धरला होता. शेवटी सहाव्या दिवशी कोर्टाचा माणूस आला, त्याने बदामाच्या बोळातल्या दारावरचं सील तोडलं आणि आम्ही चौघे आत गेलो. कोरडं कारंजं. फरशीतून उगवलेलं अंजिराचं झाड. कबुतरांची घाण. सगळीकडे बोटभर धूळ, आणि तिच्यावर फक्त आमचीच पावलं.

“झालं समाधान?” कोर्टाचा माणूस म्हणाला. वाईट नव्हता तो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर पडताना मी दिंडीच्या आतल्या ओट्याकडे पाहिलं. ओटाही धुळीने भरला होता. फक्त दाराकडच्या टोकाला, एक माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ होती. लख्ख, घासल्यासारखी.

मी कुणाला दाखवली नाही. त्यांनी पुन्हा सील लावलं.

आम्ही आता नव्या शहरात राहतो. बेल चिमणीसारखी वाजते. तुरियाने माझ्याकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलं आहे की कुठल्याही दाराची धाकटी कडी मी पुन्हा वाजवणार नाही. “मला तू उरला आहेस,” एवढंच ती म्हणाली. मी शुक्रवारी दर्ग्यात जातो, पण हात मांडीखाली दाबून बसतो. गाणं ऐकतो. अजूनही रडू येतं, आणि ते गाण्याचं आहे की कशाचं, हे मी देवावर सोपवलं आहे.

पण गेल्या महिन्यात राहवलं नाही. भर दुपार होती. बा हमदांनी मला जाताना पाहिलं आणि कानस थांबवली नाही, सासुरवाडीही काढली नाही. मी बोळाच्या शेवटाला जाऊन उभा राहिलो. सील तसंच होतं. धाकटी कडी माझ्या कमरेशी होती. हात आपोआप तिच्याकडे गेला. मला तुरिया आठवली, जेवायला वाढून बसलेली.

मी वचन मोडलं नाही. टाचा उंचावल्या, आणि मोठी कडी उचलून एकदाच सोडली.

ती जाड बोलली. आत कुठेतरी गाणं चाललं होतं, ते थांबलं. सपाता फरशीवरून दारापर्यंत आल्या. अडसराला हात लागला, लाकूड थोडंसं सरकलं.

मग अगदी दिंडीमागून, ओट्याच्या उंचीवरून, माझ्या आईचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

“राहू दे,” ती म्हणाली. “परकं आहे कुणीतरी.”

आणि अडसर परत जागेवर गेला.